ट्राउट नको, मळ्या हवा

मागच्या अंकात आमच्या रविवारच्या टोळीबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. नाशिकच्या नंदिनी नदीत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या नासर्डीत, टाकळीकडच्या अंगाला आम्ही दहा-बारा जण दर रविवारी गमबूट घालून उतरतो, एवढंच त्यात होतं. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी पिशवीत घालून घरी पाठवली. त्यातली थोडी आज घेते. दोन-तीन पत्रांत मला ‘जलतज्ज्ञ’ म्हटलंय, तर तो गैरसमज आधी काढते. सातपूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत २७ वर्षं पाणी तपासलं, निवृत्त झाले, आणि बाटली दिसली की भरून घ्यायची सवय काही गेली नाही. माझं शिक्षण तेवढंच.

प्रश्न : ताई, माझी मुलगी दक्षिण लंडनमध्ये राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा वँडल नावाच्या नदीत रविवारी शेजारपाजारची माणसं उतरून काम करताना पाहिली. पूर्वी ते गटार होतं आणि आता तिथे ट्राउट मासा आहे, असं जावई म्हणाले. आपण गोदावरीत किंवा नासर्डीत ट्राउट आणून सोडले तर? मासा जगला म्हणजे नदी सुधारली, हे कुणालाही पटेल. — एक वाचक, गंगापूर रोड

जावयांनी सांगितलं ते खरं आहे. मीही त्या नदीबद्दल मिळेल ते वाचत असते, कारण आकाराने ती आपल्या नासर्डीच्याच पंगतीला बसणारी. क्रॉयडन आणि कार्शल्टनच्या बाजूला तिचे झरे, वँड्सवर्थला ती थेम्सला मिळते, सगळी मिळून वीस किलोमीटरसुद्धा लांब नाही. पण तेवढ्यात तिच्यावर एकेकाळी ओळीने गिरण्या होत्या. पिठाच्या, तपकिरीच्या, तांब्याच्या, कापड छापायच्या. कापडावरच्या नक्षीसाठी नावाजलेल्या विल्यम मॉरिस या इंग्रज कलाकाराने १८८१ मध्ये आपला छपाईचा कारखाना मर्टनला नेला, तोही या पाण्याच्या काठी. पुढे शहर वाढलं, ट्राउट संपला आणि १९६० च्या दशकात तर वँडलची सरकारी कागदावर गटार म्हणूनच गणना झाली. नंतर कारखाने गेले, सांडपाण्याचे नियम कडक झाले आणि साधारण २००० सालापासून माणसं रविवारी पाण्यात उतरायला लागली. शाळांमध्ये वर्गातच थंड पाण्याच्या टाक्या ठेवून मुलांनी ट्राउटची अंडी उबवली आणि पिल्लं नदीत सोडली. मधे २००७ मध्ये एका सांडपाणी केंद्रातून साफसफाईचं क्लोरिनचं रसायन नदीत गेलं आणि हजारो मासे मेले. माणसांनी पुन्हा मागचे पाढे पहिल्यापासून म्हटले. मला ट्राउटपेक्षा या गोष्टीचं जास्त कौतुक वाटतं.

पण ट्राउट आपल्याकडे जगणार नाही. तो थंड पाण्याचा मासा. पाणी २० अंशांच्या वर गेलं की तो कासावीस होतो आणि २५ च्या आसपास त्याचं काही खरं नसतं. वँडलच्या झऱ्यांना पाणी चुनखडीच्या खडकातून मिळतं. जमिनीखालून येणारं ते पाणी बारा महिने दहा-अकरा अंशांच्या आसपास. आपल्याकडे वैशाखात नासर्डीतल्या काळ्या दगडावर अनवाणी पाय ठेवून बघा! शिवाय पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. १० अंशांना लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, आणि नाशिक समुद्रापासून उंचावर, म्हणून त्याहून थोडा कमीच. हे अगदी स्वच्छ पाण्याचं सांगतेय. आपल्या देशात ट्राउट आहेत, पण इंग्रजांनी आणून सोडलेले आणि तेही थंड डोंगरांतच : काश्मीर, कुलू, निलगिरी, मुन्नार.

तेव्हा मासा आणू नका. त्या माणसांची नजर मात्र आणता येईल. ट्राउटची मादी शेपटीने नदीतली खडी उकरून खळगा करते, अंडी घालते आणि वरून खडी ओढून घेते. त्या खड्यांच्या फटींतून पाणी खेळतं, त्यावर अंडी जगतात. फटींत गाळ बसला की अंडी गुदमरून मरतात. म्हणून तिकडचे स्वयंसेवक पाण्याचा वरचा पृष्ठभाग बघून खूश होत नाहीत, तळ बघतात. खडी मोकळी करतात. पडलेल्या झाडाचे ओंडके मुद्दाम नदीत खुंट्या ठोकून बसवतात, म्हणजे प्रवाह अरुंद होतो, जोर धरतो आणि गाळ आपोआप धुतला जातो. आपण काय करतो? ओंडका दिसला की क्रेन मागवतो.

आणि आपल्याकडे ट्राउटच्या जागी बसवायला मासा आहे. मळ्या. लहानपणी टाकळीला आजीच्या घरून नदीवर जायचो तेव्हा टॉवेलाची झोळी करून आम्ही भावंडं धरायचो तो बोटभर मासा. याच्या हनुवटीखाली एक चकती असते, तिने तो वाहत्या पाण्यात खडकाला चिकटून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. दगडावर गाळाची साय चढली की ना त्याला चिकटता येत, ना खाता येत. गंमत म्हणजे जगभरच्या शास्त्रज्ञांच्या वह्यांत त्याचं नाव मराठी आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतले मासे नोंदवले आणि १८३९ मध्ये त्यांना नावं दिली, ती बरीचशी इथल्या लोकांच्या तोंडची. म्हणून ‘गारा मुल्या’, ‘टोर खुड्री’ असली नावं आजही शास्त्रात चालतात. ज्याचं नाव आपण दिलं तोच आपल्या नदीत नाही, याचं मला ट्राउटपेक्षा जास्त वाईट वाटतं.

एक अडचण मात्र वँडलवाल्यांना नाही आणि आपल्याला आहे, ती लपवत नाही. त्यांच्या नदीत झऱ्यांचं आणि शुद्ध करून सोडलेल्या सांडपाण्याचं मिळून वर्षभर पाणी असतं. नासर्डीला पाऊस देतो तेवढंच. कार्तिकानंतर जे वाहतं ते बहुतेक आपल्याच न्हाणीघरांतून आलेलं असतं. म्हणजे उन्हाळ्यात ती नदी ठेवायची की गटार, हे आकाशावर नसून ड्रेनेजच्या चेंबरवर ठरतं. त्याबद्दल पुढे एका रागावलेल्या पत्राच्या उत्तरात लिहिलंय.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळाने यंदा एका ज्येष्ठ सदस्याच्या पंचाहत्तरीनिमित्त नदीत मत्स्यबीज सोडायचं ठरवलं आहे. कोणते मासे, किती आणि कुठून आणावेत? — पंचवटीतील एक वाचक

पंचाहत्तरीच्या माझ्याकडूनही शुभेच्छा सांगा. मासे मात्र सोडू नका.

हे मी वरच्या पाटावर बसून सांगत नाही. आमच्या टोळीने पहिल्याच वर्षी हा उद्योग केलाय. ऑक्सिजनच्या पिशव्यांतून बोटुकली आणली, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं. रोहू आणि कटल्याची. नारळ फोडला, सोडली, टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी काठावर ढोकऱ्यांची पंगत बसली होती आणि तिसऱ्या दिवशी उरलेली पांढरी पोटं वर करून तरंगत होती. पैसे वर्गणीचे होते. त्या पाण्यात प्राणवायू किती आहे हे आधी तपासायचं मला, २७ वर्षं तेच काम केलेल्या बाईला, सुचलं नाही. उत्साह असा असतो.

मेले ते परवडले असंही कधीकधी वाटतं. जगले तर वेगळी भानगड. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात महसीर या मोठ्या नदीमाशाची पैदास गेली अनेक वर्षं उत्तम चाललीय. आपल्याकडचा तो खुड्री महसीर धोक्यात होता, म्हणून कामही चांगल्या मनानेच झालं. पण तिथली पिल्लं दूर कावेरीत नेऊन सोडली गेली. तिथे कावेरीचा स्वतःचा, पाठीला उंचवटा असलेला महसीर होता. आपला मासा तिथे इतका माजला की तिथला घरचा मालक दिसेनासा झाला. त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली २०१८ मध्ये, तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोचला होता. चांगला मासा, चांगली माणसं, चुकीची नदी.

डास खातात म्हणून गटारांत गप्पी मासे सोडतात, तेही पावसात वाहत नदीत येतात. आमच्या चाळणीत आजवर सगळ्यात जास्त तेच सापडलेत. पाळायला बंदी असलेला आफ्रिकन मागूर आणि कुणाच्या तरी फिशटँकमधून कंटाळून आणून टाकलेले मासे, यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. घरच्या टाकीतला मासा नदीत सोडणं हे पुण्य नाही, एवढं तुमच्या मंडळाच्या फलकावर लिहिलंत तरी पंचाहत्तरी सार्थकी लागेल.

मासे आपल्या पायांनी येतात. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर निघतात, ते उगीच नाही. त्यांना वर जायला वाट मोकळी हवी असते. तुमच्या बाजूला वाघाडीवर, किंवा गावाकडच्या ओढ्यावर, मध्येच एखादी हात-दीड हात उंचीची भिंत, तुटका फरशीपूल, पाइप अडकलेली मोरी आहे का ते बघा. मासा तिथेच डोकं आपटून परत फिरतो. वरिष्ठ सदस्यांच्या नावे अशी एखादी मोरी, रीतसर परवानगी घेऊन, मोकळी करून द्या. खर्च मत्स्यबीजापेक्षा कमी येईल.

प्रश्न : काकू, मी आठवीत आहे. आमच्या घराजवळ नदीत मेलेले मासे दिसतात ते नेहमी सकाळीच का दिसतात? बाबा म्हणतात रात्री कुणीतरी विष टाकतं. — एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

बाळा, प्रश्न पहिल्या नंबरचा आहे. बाबांचं म्हणणं कधीकधी खरं असू शकतं, पण विषाशिवायही मासे पहाटेच मरतात.

हिरवंगार पाणी तू पाहिलं असशील. तो हिरवा रंग बारीक बारीक शेवाळाचा. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करतं, तेव्हा पाण्यात चैन असते. रात्री ऊन नाही, मग शेवाळही तुझ्यामाझ्यासारखं नुसता श्वास घेतं, त्यात घाण कुजवणारे जंतू आपला वाटा काढतात. पहाटे पाचच्या सुमाराला खजिना रिकामा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात आणि ऊन यायच्या आत काही मरतात. तसंच पहिल्या पावसानंतरही होतं. उन्हाळाभर साठलेला काळा गाळ एकदम ढवळला जातो आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. लोक म्हणतात, पाऊस आला आणि मासे मेले, हे कसं काय? ते असं.

म्हणून कुणी दुपारी दोन वाजता पाणी तपासून ‘प्राणवायू उत्तम आहे’ असं सांगितलं, तर त्यांना नम्रपणे विचार, ‘पहाटेचा किती होता?’ आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असं सरकारी मोजमाप आहे आणि माशांना निदान ४.

तो मोजायची एक जुनी रीत मला फार आवडते. विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ती काढली. बाटली पाण्याखाली धरून अशी भरायची की आत एकही बुडबुडा राहू नये. मग दोन रसायनं थेंबाथेंबाने तळाशी सोडायची आणि बूच लावून बाटली उलटसुलट करायची. प्राणवायू असेल तर आत तपकिरी साका धरतो, गुळाच्या काकवीसारखा. नसेल तर पांढरा. पुढे हिशोबाचं काम असतं, पण जीव आहे की नाही हे काठावर उभं राहूनच कळतं. आमच्या टोळीत एक रिक्षावाले दादा आहेत. चैत्रात एकदा पहाटे मी बाटली हलवली, साका दह्यासारखा पांढरा आला आणि ते म्हणाले, ‘ताई, हे तर मयताचं कापड.’ मला त्यानंतर त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

तू हे घरी करू नकोस हं, त्यातलं एक रसायन हाताला लागलं तर चांगलंच भाजतं. विज्ञानाच्या बाईंना सांग, शाळेच्या प्रयोगशाळेत त्या करून दाखवतील. नाही जमलं तर मी येईन.

प्रश्न : तुम्ही दर रविवारी कचरा काढता, फोटो येतात, पुढच्या रविवारी तेवढाच कचरा. पूर आला की सगळं पहिल्यासारखं. हे समाजकार्य आहे की व्यायाम? स्पष्ट विचारल्याबद्दल क्षमस्व. — एक नागरिक, सिडको

क्षमा कशाला. पहिली दोन वर्षं तो व्यायामच होता. आणि व्यायामाने निदान अपाय होत नाही, आमच्याने तो झाला.

तेव्हा आम्ही ट्रॉल्या मोजायचो. आज किती ट्रॉल्या निघाल्या, गेल्या वेळी किती. आकडा वाढवायच्या नादात एका उन्हाळ्यात वर्गणी काढून जेसीबी आणला. काठाचा लव्हाळा, पाणकणीस, झुडपं, पाण्यात आडवं पडलेलं उंबराचं जुनं खोड, सगळं साफ. नदी कशी भांग पाडल्यासारखी दिसायला लागली! वर्तमानपत्रात फोटो आला, तो माझ्या बहिणीने अजून जपून ठेवलाय. त्या पावसाळ्यात उघडा पडलेला काठ वीसेक फूट आत ढासळला, सगळी माती डोहात बसली आणि त्या खोडावर रोज बसणारा खंड्या पुन्हा दिसला नाही. लंडनची माणसं नदीत ओंडके ठोकून बसवतात हे मी वाचलं ते त्यानंतर. वाचून दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

नाशिककरांना पूर मोजायला गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं की आपल्याला कुणी आकडा सांगावा लागत नाही. काठावरच्या नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत गेलं की मग जुनी माणसं १९६९ चा पूर काढतात, त्यांच्यापेक्षा तरुण २००८ चा. पण नदीत पाणी किती हे सांगायला मारुती आहे, त्या पाण्यात जीव किती आहे हे कोण सांगणार? आम्ही त्यासाठी पुरणाची चाळण घेतली.

थट्टा नाही. ट्राउटच्या नद्यांवर स्वयंसेवक जे करतात तेच. प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी धरायची, वरच्या बाजूचे दगड तीन मिनिटं पायाने ढवळायचे, जाळीत जे अडकेल ते पांढऱ्या टबात ओतून बसून बघायचं. आम्हाला चांगली जाळी महाग पडली, म्हणून चाळण. घरी दुसरी आणली, हे मुद्दाम सांगते. टबात नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असल्या तर समजायचं की पाणी वाईट आहे. त्यांच्या अंगात आपल्यासारखं लाल रक्तद्रव्य असतं, म्हणून त्या प्राणवायू नसल्यासारख्या चिखलातही तगतात. शेपटीची लांब नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेणारी अळी दिसली तर अजून वाईट, ती सांडपाण्यातच रमते. चतुराची पिल्लं दिसली तर बरं. आणि तीन शेपट्यांचा, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले हलवणारा मेफ्लायचा बारका किडा दिसला तर आमच्यातले सत्तरीचे आजोबासुद्धा उड्या मारतात. या किड्यांवरच ट्राउट जगतो आणि खोटी माशी बांधून गळ टाकणारे तिकडचे शौकीन त्याच किड्याची नक्कल गळाला लावतात. म्हणून तर तिथे मासे धरणारेच नदीचे पहिले पहारेकरी झाले.

आता आम्ही वहीत ट्रॉल्या लिहीत नाही, तारीख आणि टबात काय निघालं ते लिहितो. वही सांगते की आश्विनात बऱ्यापैकी मंडळी असतात, पौषापासून कमी होतात आणि चैत्रात लाल अळ्यांचं राज्य. मग आम्ही विचारलं, की हा फरक येतो कुठून? आमचा पट्टा जेमतेम साडेचारशे मीटरचा. त्यात काठाकाठाने चालत पाण्याची तोंडं मोजली. अकरा. पावसाचं पाणी जायला ठेवलेले पाइप ते, उन्हाळ्यात कोरडे हवेत. सात वाहत होते.

इथे वँडलचाच धडा कामाला आला. तिथेही घरांच्या नळजोडण्या चुकून पावसाळी गटाराला लागलेल्या असतात आणि मोरीचं पाणी थेट नदीत जातं, ही जुनी डोकेदुखी आहे. आम्ही एका सोसायटीच्या चेअरमनना गाठलं. ते आधी चिडले, ‘आमचं ड्रेनेज कायदेशीर आहे, तुम्ही कोण?’ मी म्हटलं, ‘कागद नको, फक्त वरच्या मजल्यावरच्या धुण्याच्या मोरीत जिलबीचा रंग ओतू द्या.’ केशरी रंग ओतला. सहा-सात मिनिटांनी खालून मुलं ओरडली, ‘आला, आला!’ नदीत केशरी पाट. चेअरमन बराच वेळ कठड्याला धरून बघत राहिले, मग म्हणाले, ‘चहा घेणार का?’ बांधकामाच्या वेळीच प्लंबरने जवळचा पाइप बघून जोडून टाकलेलं, त्यांनाही माहीत नव्हतं. जोड बदलून घ्यायला वर्गणी, वाद आणि एक सर्वसाधारण सभा मिळून सात महिने गेले. पण ते तोंड कोरडं झालं. सातातलं एक.

दुसरं एक चेंबर भरून वाहतं, ते ज्यांच्या अखत्यारीत येतं त्या कार्यालयात आमचे तीन अर्ज आहेत. पोच आहे, काम नाही. चौथा अर्ज आता वहीच्या झेरॉक्ससकट देणार आहोत. ‘वास येतो’ असं लिहिलं की उत्तर येत नाही. तारीख, पहाटेची वेळ, बाटलीतला साका पांढरा, टबात फक्त लाल अळ्या, सोबत चार फोटो, असं लिहिलं की निदान कुणाला तरी वाचावं लागतं. हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : गेल्या भाद्रपदात पूर ओसरल्यावर आमच्या पट्ट्यात दगडाखाली मळ्या दिसला. एक नाही, पाच-सहा. वरून कुठूनतरी वाहत आलेले असणार. माघात पुन्हा बघितलं तर एकही नव्हता. हे समाजकार्य झालं की व्यायाम, ते तुम्हीच ठरवा. सिडकोतून टाकळी फार लांब नाही.

प्रश्न : माझं शेत मखमलाबादच्या पुढे ओढ्याला लागून आहे. दर पावसाळ्यात बांध तुटतो. दगडी पिचिंग करू की काही लावू? — एक शेतकरी

दादा, पाणी वळणावर जिथे थेट धडकतं तेवढ्या जागी पायथ्याला दगड रचा, बाकीच्या काठाला झाडं लावा. पाण्याच्या अगदी कडेला वाळा आणि लव्हाळा, खडकाळ जागा असेल तर शेरणी, ती पुरात आडवी होते आणि पुन्हा उभी राहते. त्याच्या वर वाळुंज आणि निर्गुडी, त्याहून वर करंज, जांभूळ, उंबर. वाळुंजाच्या फांद्या ओल्या मातीत खोचल्या तरी फुटतात. गुलमोहर आणि सुबाभूळ फुकट मिळाले तरी नको. पहिली दोन वर्षं शेळ्या आवरा, नाहीतर सगळी मेहनत त्यांच्या पोटात. आणि नांगर अगदी काठापर्यंत नेऊ नका, दोन-तीन वाव (एक वाव म्हणजे चार हात) सोडा. जमीन जाते असं वाटतं, पण पुराने गेली तर त्याहून जास्त जाते, हे तुम्ही बघताच आहात.

प्रश्न : निर्माल्य खताला टाकलं तर पाप लागतं का? — एक आजी, जुने नाशिक

आजी, तुळशीच्या कुंडीत घाला. प्लास्टिकची पिशवी तेवढी आधी काढा.

प्रश्न : तुमच्यासोबत यायचं असेल तर काय लागतं? — तिघांनी वेगवेगळं विचारलं आहे

गमबूट स्वतःचे आणा, माझ्याकडे जादा आहेत ते सगळे पाच नंबरचे. हातमोजे जाड, रबरी. पायाला जखम असेल तर त्या रविवारी काठावर बसून वही लिहायची, पाण्यात उतरायचं नाही, आणि घरी गेल्यावर साबणाने हातपाय धुतल्याशिवाय पोह्यांना हात लावायचा नाही. पाऊस चालू असेल किंवा धरणातून पाणी सोडल्याची बातमी असेल तर आम्ही कुणीच उतरत नाही. मोबाइल घरी ठेवलात तरी चालेल, फोटो एकच जण काढतो आणि तोही टबाचा. वेळ सकाळी साडेसहा, थंडीत सात. चहा मी आणते, कप आपापला. चाळण मात्र कुणी घरातली आणू नका, आमच्या एका सदस्याच्या घरी त्यावरून होळीला पुरणपोळी झाली नाही.